‘पण’ येईपर्यंत

माझी ओळख करून देताना सासूबाई आवाज थोडा खाली घेतात. "हा धाकटा, हृदयाचा डॉक्टर. ही धाकटी सून, त्वचेची डॉक्टर. आणि ही थोरली..." इथं त्या चष्मा पुसायला घेतात. "ही आपली साधीच डॉक्टर आहे."

‘साधीच’मधला तो ‘च’ माझ्या जिव्हारी लागतो. फॅमिली मेडिसिन म्हणजे नेमकं काय, हे मी पूर्वी लोकांना समजावून सांगायचे. एका अवयवाची नाही, अख्ख्या माणसाची डॉक्टर. त्याच्या बायकोची, पोरांची, आणि आतल्या खोलीत पडून सगळ्या घराला हुकूम सोडणाऱ्या त्याच्या वडिलांचीही. ऐकणारा मान डोलवायचा, सगळं पटल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "हो, ते ठीक, पण स्पेशालिस्ट कशाच्या?" आता मी तो नाद सोडलाय. कोणी विचारलं की सांगते, "उरलेल्याची." दिरानं हृदय नेलं, जावेनं कातडी नेली, मधे जे काही राहिलं ते माझ्या वाट्याला आलं.

मेडिकल कॉलेजातही माझ्या वाट्याला उरलेलंच आलं. माझा विभाग म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टशेजारची एक खोली, त्यात एक कपाट आणि मी. कपाट उघडलं की खोलीचं दार उघडत नाही, आणि दार उघडलं की कपाटात हात जात नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना व्हरांड्यातच शिकवते. तिथून येणारेजाणारे मला विचारतात, "लिफ्ट कधी येणार?" आमच्या विभागाला आजवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच.

पण आठवड्यातले अर्धे दिवस मी कॉलेजात नसते. कालव्यापलीकडे, बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या मागे एक मोठी वस्ती आहे, तिथं माझा दवाखाना आहे. म्हणजे कॉलेजचाच, पण कॉलेजला त्याची आठवण फक्त भिंत पडली की होते. कारखान्याचे ट्रक वजन करायचे त्या काट्याची ही खोली. बाहेर जमिनीत लोखंडी फलाट अजून तसाच आहे आणि आत भिंतीवर त्याची मोठी तबकडी. एकट्या माणसानं तिचा काटा हलत नाही, पण रांग लागली की हलतो. मी आत बसून तबकडीकडे नजर टाकते आणि आज जेवायला वेळ मिळणार की नाही ते ओळखते.

या दवाखान्यात मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. पेशंट आत येतो, बसतो. मी विचारते, "काय, कसं काय?" तो म्हणतो, "बरं आहे." आता हा माणूस सकाळपासून रांगेत उभा आहे. बरं आहे म्हणून कोणी ट्रकच्या काट्यावर उभं राहत नाही. तेव्हा मी काही बोलत नाही. पेन खाली ठेवते. तो खिडकीकडे बघतो, माझ्याकडे बघतो, मग म्हणतो, "तसं बरंच आहे म्हणा..." मी तरीही गप्प. "पण..." म्हणतो आणि मग खरं काय ते सांगायला लागतो. आजार नेहमी त्या ‘पण’च्या पलीकडे असतो. माझं सगळं वैद्यकशास्त्र म्हणजे ‘पण’ येईपर्यंत तोंड बंद ठेवणं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे शिकताना काय यातना झाल्या असतील ते माझ्या नवऱ्याला विचारा.

आमच्या डीनला हे कधीच जमलं नाही. डीन माझा वर्गमित्र. घशाचा सर्जन, हाताला इतकं यश की दुसऱ्यांनी सोडून दिलेले पेशंट त्याच्याकडे येतात. पण त्याच्या ओपीडीत पेशंट खुर्चीला टेकायच्या आत तो निदान सांगतो आणि दाराकडे बघून ओरडतो, "पुढचा!" त्यामुळे विद्यार्थी त्याला पाठीमागं ‘पुढचा’ म्हणतात. माझं वाक्य तो आम्ही विद्यार्थी असल्यापासून पुरं होऊ देत नाही. माझं लग्न ठरलं हे मी त्याला सांगायला गेले, तर "अभिनंदन, मुलगा झाला की मुलगी?" असं विचारून मोकळा झाला.

या पुढच्यानं एक दिवस मला बोलावून सांगितलं, "तुझ्या त्या दवाखान्याची गरज आहे हे सिद्ध करायला हवं. कॉलेजच्या विद्वत्सभेत प्रश्न आलाय. मी शेवटच्या वर्षाची मुलं पाठवून वस्तीची पाहणी करून घेतो."

"मुलांना आधी मी जरा तयार..."

"तयारच आहेत," तो म्हणाला आणि फोन उचलला.

मुलांची पुढारी होती वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. दर वर्षी पहिली येते म्हणून सगळे तिला सुवर्णपदक म्हणतात. पोरगी चांगली, फक्त चालतानाही परीक्षेला उशीर झाल्यासारखी चालते. ती दहा-बारा जणांना घेऊन वस्तीत गेली आणि दारोदार एकच प्रश्न विचारला: "आपल्याला कसं वाटतं? बरं, की बरं नाही?" जेवायच्या सुट्टीपर्यंत अख्खी वस्ती विचारून झाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. माझे तेवढ्या वेळात एका बाकड्यावरचे पेशंटसुद्धा उरकत नाहीत.

विद्वत्सभेत पडद्यावर तक्ता आला. त्यात ‘बरं’चा एक खांब जमिनीपासून छतापर्यंत गेलेला. शेजारी ‘बरं नाही’ची काडी. बरं नाही म्हणणारा सगळ्या वस्तीत एकच निघाला होता, आणि मला नंतर कळलं की तो कानानं अधू असल्यामुळे मुलं कालव्यावरच्या पुलाबद्दल विचारताहेत असं समजला होता.

"अभिनंदन!" डीन म्हणाला. "एकटीनं सगळी वस्ती बरी केलीस!" टाळ्या पडल्या. मी इकडंतिकडं बघत बसले. मग तो म्हणाला, "तेव्हा दवाखान्याची गरज आता उरली नाही. महिनाअखेरीला बंद करू. तुला नव्या इमारतीत मोठी प्रयोगशाळा देतो. रबरी पेशंट येताहेत परदेशातून. थकत नाहीत, भांडत नाहीत, बोलत नाहीत."

"मग तुझ्या ओपीडीत पाठव," मी म्हणाले. "तुझं त्यांच्याशी जमेल."

सभेत हशा पिकला, पण निर्णय काही हलला नाही. दवाखाना बंद झाला तर काय होणार हे मला पाठ होतं. कालव्यावरचा पूल पायी जायचा, मग दोन वाहनं बदलायची, मग मोठ्या रुग्णालयाची रांग, आणि शेवटी ‘पुढचा!’ ऐकून परत. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा जात नाही, घरीच बसतो. माझी माणसं घरी बसणार होती, आणि का, तर म्हणे ती बरी आहेत! त्या दिवशी घरी येऊन मी रडले. सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला. "बरं झालं की गं," त्या म्हणाल्या, "आता तरी धड इमारतीत बसशील."

दुसऱ्या दिवशी सुवर्णपदकाला बरोबर घेऊन मी वस्तीत गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रांगेतल्या सगळ्यांना आत घेतलं आणि झाडायला सुरुवात केली. "तुम्हाला ‘बरं’ म्हणायला कोणी सांगितलं होतं?"

सगळ्यात पुढं इस्त्रीवाल्या मावशी. त्यांचे गुडघे माझ्याकडे इतकी वर्षं आहेत की ते मला मावशींपेक्षा जास्त ओळखतात. त्या म्हणाल्या, "अहो बाई, दारात उभी राहिलेली परकी पोरं. त्यांना काय सांगू, चार दिवस पोट साफ नाही म्हणून?"

"पोरं उन्हातून आलेली," एक ट्रकवाला म्हणाला. "म्हटलं, बरं म्हणावं, म्हणजे लवकर सुटतील बिचारी."

"मी तर उत्तरच दिलं नव्हतं," मागून एक बाई म्हणाली. "ही पोरगी म्हणाली, पाहणीला आलोय. मी म्हटलं, बरं. तिनं लिहून घेतलं."

सुवर्णपदकाचा चेहरा लाल झाला. मी तिला तिथंच, सगळ्यांसमोर, ‘बरं’ आणि ‘पण’चं सगळं सांगितलं. पोरगी नुसती ऐकत राहिली. तिनं काहीच लिहून घेतलं नाही हे मला आवडलं.

मग मी कॉलेजात जाऊन डीनच्या मागं लागले. एकदा तू स्वतः ये. तो ‘बघू’ म्हणाला. ‘बघू’ म्हणजे नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी रोज त्याच्या दाराशी उभी राहू लागले आणि शेवटी तो कंटाळून यायला तयार झाला. ही बातमी मी वस्तीत सांगितली, आणि ती चूक माझी. मावशी म्हणाल्या, "तुम्ही काही काळजी करू नका. आता आम्ही बघतो."

डीन आला त्या दिवशी भिंतीवरचा काटा मी कधी पाहिला नव्हता इतका लांब गेला होता. बाहेरून विव्हळण्याचा एकच गोंगाट. दवाखाना वाचवायचा म्हणून सगळी वस्ती आजारी पडली होती. इस्त्रीवाल्या मावशी दारातून आत येताना उजव्या पायानं लंगडत होत्या, खुर्चीपर्यंत पोचेतो डाव्या. एका धडधाकट पोराच्या डोक्याला मावशींच्या दुकानातली शुभ्र, कडक इस्त्री केलेली उशीची खोळ गुंडाळलेली. एक बाई बाकड्यावर बेशुद्ध पडली, पण पडायच्या आधी तिनं बाकडं झटकून घेतलं. आणि ट्रकवाला, सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचा, पोट धरून डीनसमोर उभा राहिला.

"काय होतंय?" डीननं विचारलं.

"गर्भाशय फार ठणकतंय, साहेब."

माझ्या भिंतीवर बायकांच्या आजारांचं एक चित्र लावलंय, त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द त्यानं निवडला होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. डीन माझ्याकडे वळला. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

"ही वस्ती आहे की नाटक कंपनी? याच्यासाठी मी दोन ऑपरेशनं पुढं ढकलली?"

"त्यांचा हेतू..."

"हेतू दिसला मला. दवाखाना बंद. आज, आत्ता." आणि त्यानं बॅग उचलली.

खोटं तर धडधडीत डोळ्यांपुढं होतं. विव्हळणं एकदम थांबलं. बेशुद्ध बाई उठून बसली. मावशी दोन्ही पायांवर सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मात्र खरं होतं.

दाराशी मावशींचा नवरा उभा होता. तो एका गोदामावर वॉचमन आहे. मावशींना घरी न्यायला अधूनमधून यायचा आणि बाहेर थांबायचा. माझ्याकडे पेशंट म्हणून तो कधी आलाच नव्हता. तो डीनच्या वाटेत आला, म्हणून डीननं रागारागानं त्यालाही विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हालाही गर्भाशय?"

"नाही साहेब. मला काय, बरं आहे."

"बघ!" डीन मला म्हणाला. "एक तरी खरं बोलणारा निघाला. चला."

पण दारात सुवर्णपदक उभी होती आणि ती हलेना. पेन तिच्या खिशात होतं, हात रिकामे, आणि नजर त्या वॉचमनच्या तोंडावर. तशी मीही थांबलेच होते, सवयीनं. डीननं घड्याळ पाहिलं.

"तसं बरंच आहे म्हणा," वॉचमन म्हणाला.

"झालं ना मग!" डीन म्हणाला, आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. चुकून नाही, चांगला टाच दाबून दिला. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प बसला.

"...पण हल्ली आवाज बसलाय. गोदामावर कोणी आलं तर ओरडता येत नाही. शिट्टीवर भागवतो."

आता मला तो आवाज ऐकू आला. खरखरीत, फाटका. मघाच्या ‘बरं’मध्येसुद्धा तो होता, पण ‘बरं’ ऐकलं की आवाज कोण ऐकतो? डीननं बॅग खाली ठेवली.

"कधीपासून?"

"थंडी पडायच्या आधीपासून."

"घास गिळताना?"

"अडकतो कधीकधी. पाणी प्यालं की जातो खाली."

डीननं खिडकीजवळची खुर्ची ओढली, त्याला उजेडात बसवलं, तोंड उघडायला लावलं, मग दोन्ही हातांनी त्याची मान चाचपली. हळूहळू, कानामागून खालपर्यंत. इथं त्याला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. ज्याच्यासाठी लोक लांबून येतात तो माणूस हाच, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना न सांगता कळलं. ट्रकवाल्यानं पोटावरचा हात काढला.

"उद्या सकाळी माझ्याकडे यायचं," डीन म्हणाला. "रांगेत उभं राहायचं नाही. माझं नाव सांगायचं."

सुवर्णपदक माझ्याजवळ आली. "मॅडम, मी यांना विचारलं होतं. हे बरं म्हणाले होते."

"म्हणालो ना, पोरी," वॉचमन तिची समजूत घालत म्हणाला. "पुढचं सांगणारच होतो. तू घाईत होतीस."

मावशी नवऱ्यावर तुटून पडल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, आवाजाला काय झालं. मी म्हटलं, होईल बरं. तू म्हणालीस, बरं."

गाडीत मी डीनला दवाखान्याचं विचारलं. तो बाहेर बघत होता. "बघू," म्हणाला. मी पुढं काही विचारलं नाही. दवाखान्यापेक्षा मला वॉचमनच्या घशाची धास्ती जास्त होती, आणि डीनलाही, कारण त्यानं सगळ्या वाटेत माझं एकही वाक्य तोडलं नाही.

गाठ स्वरयंत्रावर होती, वाईट जातीची, पण लहान. आणखी उशीर झाला असता तर आवाज गेला असता, आणि आणखी उशीर झाला असता तर माणूस. डीननं स्वतः ऑपरेशन केलं. मावशी बाहेर बसल्या होत्या आणि मी त्यांच्याशेजारी. आत जाऊन बघायचा मला हक्क होता, पण धीर नव्हता. डीन बाहेर आला, मावशींना म्हणाला, "काढली सगळी. आवाज येईल परत, थोडा वेळ लागेल." मावशींनी माझा हात असा दाबला की इस्त्री उचलून उचलून मनगटात किती ताकद येते ते मला कळलं.

महिनाअखेर जवळ आली होती आणि माझ्या दवाखान्याचा अजून निकाल नव्हता. एका सकाळी वॉचमनला बघायला म्हणून मी वॉर्डात गेले, तर डीनचा राऊंड चालू. मागं विद्यार्थ्यांचा घोळका, नर्स, सगळा लवाजमा. डीन वॉचमनच्या खाटेशी आला आणि त्यानं कधी नव्हे ते एक स्टूल ओढलं. त्याच्यावर बसला.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं, आणि थांबला.

वॉचमन बघत राहिला. डीन थांबलेला. विद्यार्थी थांबले. नर्सनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. डीनच्या चेहऱ्यावर इतका संयम मी जन्मात पाहिला नव्हता. त्याला तो सोसवतही नव्हता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी मलाच राहवेना.

"अरे," मी मागून म्हणाले, "त्याच्या गळ्यात नळी आहे. तूच घातलीयेस. तो बोलणार कसा?"

वॉर्डात हसण्याचा स्फोट झाला. सुवर्णपदक तोंड दाबून खिडकीकडे वळली. वॉचमनचे खांदे हलत होते, त्याला बिनआवाजाचं हसू आलं होतं. डीन उठला, कोट झटकला आणि माझ्याकडे बघून खेकसला, "हे असलं थांबणं मला जमणार नाही. वेळ नाही मला! सोमवारपासून सगळी मुलं कालव्यापलीकडे पाठवतो, तुझ्याकडे. दर बॅच महिनाभर. तू शिकव त्यांना. दवाखान्याची ती सारखी पडणारी भिंतही दुरुस्त करून घे. झालं समाधान?"

मी नुसती मान हलवली, कारण बोलायला गेले असते तर रडले असते, आणि त्याच्यासमोर रडायला मी अजून तरी तयार नाही.

"चला," डीन विद्यार्थ्यांना म्हणाला. "पुढचा!"

तो निघाला, पण त्याचा कोट मागं ओढला गेला. वॉचमननं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. दुसरा हात वर करून त्यानं एक बोट दाखवलं: जरा थांबा. मग तो काहीतरी खुणेनं सांगू लागला, आधी गळ्याकडे हात, मग पोटाकडे, मग परत गळ्याकडे. कोणालाच काही कळेना. डीननं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास सोडला आणि स्टूल पुन्हा पुढं ओढलं.